उतारावरून पळालेला

१

सेरिकच्या घरातली कढई अंगणात येऊन आपटली, तेव्हा तिच्यातली पेज अजून वाफाळत होती.

वुल्फरुन खेचरावरून उतरली ती नेमकी त्याच वेळी. भाचा गेल्याचं कळल्यावर ती मठातून आपल्या सरदार भावाकडे निघाली होती आणि वाटेत हा प्रकार. सरदाराचे दोन गडी छपरावर चढून पेंढा उपसत होते. खाली बैलगाडीत अंथरुणं, माग, कोंबड्यांचा खुराडा असं सगळं कोंबलेलं. सेरिकची बायको टिब्बा कडेवरच्या पोराला सावरत गड्यांना शिव्या घालत होती.

"अरे, निदान पोरांना खाऊ तरी द्या! भरल्या ताटावरून कुत्र्यालाही कुणी उठवत नाही!"

"काय चाललंय हे?" वुल्फरुनने विचारलं.

टिब्बा वळली. मठाची माई दिसताच तिचा आवाज फुटला. "आम्हाला हाकलतायत, माई. सूर्य मावळायच्या आत हद्द सोडायची. माझा नवरा उताराच्या लढाईतून पळाला म्हणे."

"कोण म्हणतं?"

"मेलेला माणूस म्हणतो," टिब्बा कडवटपणे म्हणाली. "आता त्याच्याशी कसं भांडू?"

मेलेला माणूस म्हणजे टिल्मन, सरदाराच्या पदरचा कवी. वुल्फरुनला एवढंच कळलं होतं, की शेजारच्या मर्सिया राज्याच्या टोळीने नदीच्या उतारावर, पायी ओलांडायच्या जागी, तिच्या भाच्याच्या तुकडीला गाठलं आणि कापून काढलं. भाचा स्तानुल्फ नदीत वाहून गेला. टिल्मन मदत येईपर्यंत कसाबसा तग धरून होता आणि मरतामरता त्याने चार ओळी रचल्या.

त्या चार ओळी आता गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी होत्या. छपरावरच्या गड्याने त्या खालच्या अंगणाला ऐकू जातील अशा मुद्दाम म्हटल्या:

ढालीला ढाल भिडली, ढोल जणू वाजले;
नदीच्या निळ्या उतारी नाचले भाले;
स्तब्ध उभे स्तंभ ते, सेरिक एक पळाला;
घोडा त्याचा घामाघूम, घराकडे ना वळला.

वुल्फरुन लगाम हातात धरून तशीच उभी राहिली. टिल्मनला ती तो पोरगेला असल्यापासून ओळखत होती. मठाच्या जेवणघरात गाण्यासाठी वीणा हातोहात फिरायची तेव्हा तो तिच्याच शेजारी बसायचा आणि दुसऱ्या कुणी एखादी ओळ ओबडधोबड म्हटली, की दात दुखल्यासारखा गाल धरायचा.

आत्ता तिला स्वतःचा गाल धरावासा वाटला.

"पेंढा उपसणं थांबवा," ती गड्यांना म्हणाली. "मी सरदारांशी बोलून येते, तोवर एक काडी हलवायची नाही."

२

स्तुफ सरदार मोठ्या दालनात एकटाच बसला होता. चूल विझलेली, समोरच्या मेजावर फक्त एक शिरस्त्राण. तो रानडुकरासारखा जाडजूड माणूस, पण आज अंगरखा त्याच्या अंगावर सैल पडल्यासारखा वाटत होता.

"अक्का, आलीस," तो म्हणाला.

वुल्फरुन त्याच्याशेजारी बाकावर बसली. तिने विचारलं, "हे कुठे सापडलं?"

"काठावर, वेतांच्या बेटात. म्हाताऱ्या ब्रोर्डाने आणलं. एवढंच मिळालं बघ पोराचं."

तिने शिरस्त्राण उचललं. रक्ताचा डाग नाही. हनुवटीखालचा कातडी पट्टा धड होता, कुठे तुटला नव्हता. त्याची गाठ मोकळी होती. त्या पट्ट्यावरून तिने दोनदा बोट फिरवलं आणि शिरस्त्राण होतं तसं खाली ठेवलं.

"स्तुफ, सेरिकला जरा थांबव."

"नाही," तो गरजला. "वेसेक्समधून हाकललेला, ना धनी ना घर, असा तो माझ्या दारी आला. मी त्याला तलवार दिली, जमीन दिली. आणि माझं पोरगं मरत असताना हा घोड्यावर बसून पळतो? जन्मभर प्रत्येक दालनात त्याचं नाव असंच गाईलं जाईल, तीच त्याची लायकी!"

"तोच तर मदत मागायला आला ना? त्याच्यामुळेच तू माणसं पाठवलीस."

"इथे आल्यावर काहीतरी सांगायला नको? म्हणून ती थाप. मेलेला कवी खोटं बोलतो का, अक्का?"

"टिल्मन खोटं बोलणार नाही," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच सांगते. सूर्य मावळेपर्यंतचा वेळ तूच दिला आहेस. तेवढा मला वापरू दे."

स्तुफने मान वर केली. "तुला काय कळलंय?"

"अजून काही नाही. कानात खडा गेल्यासारखं झालंय एवढंच."

३

सेरिक तबेल्यात घोडीला खरारा करत होता. उंच, सडपातळ, तिशीतला. डोळ्यांखाली काळं पडलेलं.

"तुम्हीही तेच विचारायला आलात, माई?"

"मी काहीच विचारत नाही. झालं ते सांग."

तो खरारा करत करतच बोलू लागला. मर्सियाचे लोक पलीकडच्या झाडीतून निघाले तेव्हा स्तानुल्फने सगळ्यांना पायउतार करून ढालीला ढाल लावून भिंत उभारली. मग मागे वळून सेरिकला म्हणाला, तू जा, बाबांना सांग माणसं पाठवा.

"मी म्हटलं, दुसऱ्याला पाठवा. तर अंगावर ओरडला. मी निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा भिंत उभी होती. तो मधोमध होता."

"तुलाच का पाठवलं?"

"माझी घोडी पळायला बरी. दुसरं कारण मलाही माहीत नाही." त्याचा हात थांबला. "माई, मी एकदा धनी गमावलेला माणूस आहे. दोन हिवाळे दारोदार फिरलो. कुणी बाकावर सरकून जागा देत नाही. ते परत नशिबी येणार असेल तर मी उतारावरच मेलो असतो. पण टिब्बा आणि पोरं..."

"आदल्या संध्याकाळी स्तानुल्फ कसा होता?"

सेरिकला हा प्रश्न अनपेक्षित होता. "गप्प गप्प. जेवला नाही. मग शेकोटीपाशी एकदम बोलायला लागला ते त्याच्या दाईबद्दल. ती खाडीवर मिठाच्या भट्ट्या लावते ना? लहानपणी तिच्याकडे होता. म्हणाला, तिथला धूर डोळ्यांत गेला की रडलेलं कुणाला कळत नाही."

"त्याचा घोडा?"

"करडा? तो बाकीच्यांबरोबर मागे झाडीत बांधला होता. मर्सियावाल्यांनी नेले असतील सगळे."

वुल्फरुन दारापर्यंत गेली आणि थांबली. "सेरिक, तू लढाईतून निघालास तो थेट कुठे आलास?"

"इथे. घरी. आणखी कुठे जाणार?"

टिल्मनची शेवटची ओळ तिच्या मनात पुन्हा उमटली. घोडा त्याचा घामाघूम, घराकडे ना वळला. आणि हा माणूस तर नाकासमोर घरीच आला होता.

४

सेरिकची जमीन आता सरदाराच्या पदरच्या केन्रेड नावाच्या शिपायाला मिळणार, हे सांगायची गरजही नव्हती. तो कुंपणाशी उभा राहून त्या शेताकडे असा बघत होता, की कोणालाही समजावं.

"बघून घेतोयस का?" वुल्फरुनने विचारलं.

केन्रेडने लाज न बाळगता मान डोलावली. "ओढ्याकाठची आहे, माई. कुणाला नको असेल? पण तुमच्या मनात आहे तसं नाही. सेरिक मला आवडत नाही, त्याच्या बोलण्याचा हेल तर कानाला टोचतो. तरी त्याच्याविरुद्ध मी काही रचलेलं नाही."

"मदतीच्या तुकडीत तू होतास. टिल्मनचं बोलणं ऐकलंस?"

"ब्रोर्डाने ऐकलं. आम्ही पोचलो तेव्हा टोळी निघून गेली होती. ब्रोर्डाला टिल्मन सापडला, तो त्याच्या तोंडाशी कान लावून बसला. मी जखमी शोधत होतो. एकही नव्हता." त्याचा आवाज उतरला. "जवळ गेलो तेव्हा कवीची शेवटची ओळच कानावर आली. घोडा घामाघूम, घराकडे ना वळला. नंतर तो गेला."

"आधीच्या तीन?"

"त्या ब्रोर्डाने नंतर म्हणून दाखवल्या. रडत होता म्हातारा. तसा रडताना मी त्याला कधी पाहिला नाही."

"शेवटच्या ओळीचं तुला नवल नाही वाटलं? सेरिक तर घरीच आला."

"वाटलं. मी ब्रोर्डाला विचारलंही. तो म्हणाला, वेसेक्सच्या माणसाचं घर इकडे कुठलं? कवीला तसं म्हणायचं असेल." केन्रेडने खांदे उडवले. "मला कवितेतलं काय कळतं?"

वुल्फरुनने त्याचा हात धरला, इतका घट्ट की तो दचकला.

"ती ओळ तू ऐकली होतीस, हे ब्रोर्डाला माहीत होतं?"

"मी त्याच्यामागेच उभा होतो, माई."

"म्हणून ती तशीच राहिली," ती स्वतःशीच म्हणाली आणि ब्रोर्डाला शोधायला निघाली.

५

ब्रोर्डा धार लावायच्या दगडापाशी बसला होता, पण हातात काही नव्हतं. स्तुफच्या वडिलांच्या काळापासूनचा हा योद्धा. स्तानुल्फची आई वारली तेव्हा पोराला खाडीवर दाईकडे यानेच खांद्यावर बसवून पोचवलं होतं.

"ब्रोर्डा, त्या चार ओळी पुन्हा म्हण बरं."

त्याने म्हटल्या. आवाज खालीच होता. तिसऱ्या ओळीला त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"आता मी सांगते ते ऐक," वुल्फरुन त्याच्यासमोर बसत म्हणाली. "आपल्या गाण्यात प्रत्येक ओळीला एकाच अक्षराचे तीन ठोके लागतात. दोन पहिल्या अर्ध्यात, एक दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला. ढालीला, ढाल, ढोल. नदीच्या, निळ्या, नाचले. घोडा, घामाघूम, घराकडे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तिसरी? स्तब्ध, स्तंभ, सेरिक."

"स, स आणि स," ब्रोर्डा म्हणाला. "जुळतंय की."

"तुला जुळतंय. मलाही पटकन जुळलं असतं. पण कवीला नाही. जोडलेल्या स्त-ला फक्त स्तच चालतो, नुसता स नाही. हे टिल्मन पोरांच्या कानात घालून घालून थकायचा. तीन ओळी चोख आणि नेमकी जिच्यात नाव आहे तीच ओबडधोबड?"

"मरत होता तो, माई. चुकला असेल."

"मरत होता आणि पुढची ओळ पुन्हा चोख रचली?"

ब्रोर्डाने रिकामा हात धारेच्या दगडावरून फिरवला.

"त्या तुकडीत स्त-ने सुरू होणारं नाव एकच होतं," ती म्हणाली. "त्याच्या शिरस्त्राणाचा पट्टा हाताने सोडलेला आहे. बुडणारा माणूस गाठ सोडत बसत नाही. ज्याला ओळखू यायचं नाही, तो शिरस्त्राण काढून टाकतो. सेरिक घरी आला आणि कवितेतला माणूस घरी वळला नाही. ती ओळ तुला बदलायची होती, पण केन्रेड मागे उभा होता. आता तूच म्हण, ब्रोर्डा. टिल्मनने म्हटली होती तशी."

म्हाताऱ्याने अगदी बारीक आवाजात म्हटलं:

"स्तब्ध उभे स्तंभ ते, स्तानुल्फ एक पळाला."

शब्द तोंडातून गेले आणि तो दोन्ही हातांत तोंड लपवून ढसाढसा रडू लागला.

"धन्यांना कसं सांगू मी? मेलेला पोरगा माणूस छातीवर दगड ठेवून सोसतो. पळालेला कसा सोसणार? माझ्या खांद्यावर वाढलेलं पोर ते. म्हटलं, राहू दे बापाला त्याचा वीर. सेरिक तर परकाच. आज ना उद्या गेलाच असता."

"त्याची पोरं इथे जन्मली, ब्रोर्डा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "काल रात्रीपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही."

"चल, ऊठ," वुल्फरुन म्हणाली. "हे माझ्या भावाला तूच सांगायचं."

६

दालनाकडे जाताना वुल्फरुनने चाल मुद्दाम धीमी ठेवली. स्तुफला ती लहानपणापासून ओळखत होती. एका शब्दावरून त्याने मित्राशी वैर धरलं होतं. एका टोमण्यावरून तलवार उपसली होती. आज त्याला काय ऐकवायचं होतं? की तुझा वारस आपल्या माणसांना मरायला टाकून पळाला.

ब्रोर्डाने गुडघे टेकून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मग खरी ओळ म्हटली.

स्तुफ हलला नाही. त्याचा हात शिरस्त्राणावर होता, तो तसाच राहिला. वुल्फरुन त्याच्या आणि ब्रोर्डाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तलवार निघालीच तर आधी तिच्यावर यावी म्हणून.

"पट्टा हाताने सोडलेला?" स्तुफने विचारलं.

"हो."

"म्हणजे नदीत नाही."

"नाही."

"म्हणजे करड्यावर बसून गेला." तो उठला. बाक मागे आडवा झाला. "अक्का, तो पळाला?"

"पळाला, स्तुफ."

"पळाला!" सरदाराचा आवाज चिरकला. तिला वाटलं आता हा फुटणार, आणि तो फुटला, पण हसण्यात, आणि त्या हसण्यात रडणं मिसळलेलं होतं. त्याने बहिणीचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "पळाला! अक्का, माझा पोरगा पळाला! अगं, जिवंत आहे तो!"

वुल्फरुन तिथेच बसली.

स्तुफचं हसू ओसरलं तेव्हा त्याने ब्रोर्डाकडे पाहिलं. "तू मला एवढाच ओळखलास? मेलेल्या पोराचं गाणं जिवंत पोरापेक्षा मला प्यारं असेल?"

"चुकलो, धनी."

"माझा अपराध केलास ते वेगळं. सेरिकचा केलास, त्याचं काय?" मग त्याचा स्वतःचाच चेहरा पडला. "आणि मी काय केलं? चार ओळी ऐकल्या आणि त्याचं छप्पर उतरवलं. त्याला एक शब्द विचारला नाही."

तो तसाच बाहेर पडला.

सेरिकच्या अंगणात गाव जमलं होतं. सगळ्यांदेखत ब्रोर्डाने खरी ओळ म्हटली, आपण काय केलं तेही सांगितलं. मग सरदाराने गाडीवर चढून स्वतःच्या हाताने कोंबड्यांचा खुराडा खाली उतरवला आणि टिब्बासमोर ठेवला.

"पेजही सांडली आमची," टिब्बा म्हणाली.

"देतो," सरदार म्हणाला. "पिंपभर देतो."

"ब्रोर्डाला काय शिक्षा द्यायची ते सेरिकने सांगावं," वुल्फरुन म्हणाली.

सेरिकने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग त्याने वर, उघड्या पडलेल्या वाशांकडे बोट दाखवलं.

"आधी वर चढ. पाऊस यायच्या आत पेंढा घाल. तोवर मी विचार करतो तुला माफ करायचं की नाही."

जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. ब्रोर्डा, सत्तरीचा माणूस, शिडीला लागला.

७

शेकोटीपाशी निघालेल्या दाईच्या आठवणीचा माग धरून दुसऱ्या दिवशी सकाळी वुल्फरुन, स्तुफ आणि सेरिक खाडीवर पोचले. सेरिकला कुणी चल म्हटलं नव्हतं. तो घोडीवर बसून आपणहून आला होता.

ओहोटी होती. भट्ट्यांचा धूर जमिनीलगत लोळत होता. करडा घोडा खोपीमागे बांधलेला दिसला, तसा स्तुफ घोडा थांबायच्या आतच खाली उतरला. दाई दारात उभी होती, मिठाने हात फाटलेली ठेंगणी बाई.

"किती उशीर केलात," ती म्हणाली. "पोरगा खात नाही, बोलत नाही. नुसतं मीठ ओढतोय. माझ्या चार गड्यांचं काम एकट्याने उरकलं त्याने."

स्तानुल्फ फावडं टाकून उभा राहिला. चेहरा राखेने माखलेला. बापाला बघून तो गुडघ्यांवर आला आणि मान खाली घालून थांबला. जसा काही घावच यायचा होता.

स्तुफ त्याच्यापर्यंत चालत गेला. सगळी वाट काय बोलायचं ते तो घोकत आला होता, हे वुल्फरुनला माहीत होतं. त्यातलं काहीच त्याला आठवलं नाही.

"दाढी काय वाढवलीस," तो म्हणाला आणि त्याने पोराला उठवून छातीशी धरलं.

स्तानुल्फ त्याच्या खांद्यावर डोकं ठेवूनच बोलला. "पहिली फळी पडली, बाबा. टिल्मन माझ्याकडे बघत होता. आणि माझे पाय निघाले. मी त्यांना थांब म्हटलं, पण ते निघाले."

"तुझी तलवार आता माझ्याकडे राहील," स्तुफ म्हणाला. आवाज कठोर करायचा त्याने प्रयत्न केला. "मेले त्यांच्या प्रत्येकाच्या दारात तू जायचंस. पहिलं टिल्मनच्या बायकोकडे. तिने दार लावलं तर बाहेर उभं राहायचं. आणि ती ओळ खरी आहे तशीच गाईली जाईल. ती बदलायचा हक्क मलाही नाही."

"हो."

मग स्तानुल्फची नजर मागे उभ्या असलेल्या सेरिककडे गेली. काय घडलं ते वुल्फरुनने थोडक्यात सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा राखेखालीही पांढरा पडलेला दिसला.

सेरिक पुढे आला आणि त्याने एक सणसणीत कानाखाली वाजवली. स्तुफ मध्ये पडला नाही.

"एकच सांगा," सेरिक म्हणाला. "मलाच का पाठवलंत? घोडी चांगली म्हणून?"

"नाही," स्तानुल्फ गाल न चोळता म्हणाला. "भिंतीत उभ्या असलेल्यांत लहान पोरं कुणाची आहेत, ते मनात आठवून पाहिलं. तुझीच होती."

खाडीवरून बगळ्यांची रांग गेली. सेरिकने वाकून जमिनीवरचं फावडं उचललं आणि स्तानुल्फच्या हातात दिलं.

"ती ढिगाऱ्याची कड राहिलीय," तो म्हणाला. "म्हाताऱ्या बाईचं काम अर्धवट टाकून निघू नका. मी पलीकडून धरतो."

दोघं कामाला लागले. स्तुफला राहवेना, तोही बाह्या सारून मध्ये गेला आणि फावडं कसं धरावं यावरून लगेच तिघांचं वाजलं.

वुल्फरुन खोपीच्या उंबऱ्यावर टेकली. तिला एकाएकी कडकडून भूक लागली होती. दाईने तिच्यापुढे माशांच्या कढणाचा वाडगा आणि जवाच्या भाकरीचा तुकडा ठेवला. तिने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"खारट आहे गं."

"मिठाच्या भट्टीवर आलात, माई," दाई म्हणाली, "इथे आणखी कसं असणार?"

वुल्फरुन हसली, भाकरी कढणात बुडवली आणि वाडगा रिकामा होईपर्यंत थांबली नाही.